लिंबू-मिरचीचा खर्च कुणाच्या नावावर?

देव, नवस, शकुन-अपशकुन यावरून मैत्रिणींची भांडणं विशीत फारशी होत नाहीत. तेव्हा पोरंबाळं, सासर, नोकरी, शेत यातून मान वर काढायला सवड नसते. साठी ओलांडली की हाताशी वेळ असतो, सोबतीची माणसं एकेक करून कमी झालेली असतात आणि काळजीला मात्र नवी नवी कारणं मिळत असतात. मग पन्नास वर्षं न बोललेल्या गोष्टी ओट्यावर येतात.

हा संवाद भडगावातल्या दोन मैत्रिणींचा आहे. एक निवृत्त विज्ञान शिक्षिका. गाव तिला 'बाई' म्हणतं, म्हणून मैत्रीणही चेष्टेनं तेच म्हणते. दुसरी गिरणाकाठी केळी आणि कापूस करणाऱ्या घरातली, सगळ्यांची अक्का. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. बाईंचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. अक्काचे मालक अजून रोज मळ्यात जातात. दोघी कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र खानदेशातल्या कुठल्याही गल्लीत ऐकायला मिळेल.

बाई : ट्रॅक्टरला नवं लिंबू दिसतंय. शनिवार आला वाटतं.

अक्का : आला की. चौकातला पोरगा दारात आणून देतो, सात मिरच्या न् एक लिंबू. ट्रॅक्टरच्या विम्याचा हप्ता बघ आणि लिंबाचा भाव बघ, मग बोल.

बाई : विमा नुकसान भरून देतो. लिंबू काय भरून देतं?

अक्का : झोप. पोरगा केळीची गाडी भरून रात्री हायवेला लागतो. तो घरी येईस्तोवर मी कूस बदलत पडलेली असते. लिंबू बांधलं की डोळा लागतो. तुझ्या विम्यानं कधी कुणाला झोप लागली का?

बाई : हे तू म्हणालीस ते खोटं नाही. मालिनोव्स्की नावाचा एक अभ्यासक होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर जाऊन राहिला. तिथले कोळी किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासे धरायचे तेव्हा मंत्रतंत्र काही करायचे नाहीत. खोल समुद्रात निघाले की मात्र सगळे विधी साग्रसंगीत. जिथं आपल्या हातात काही नाही, तिथं माणूस मंत्र म्हणतो, असं त्यानं लिहून ठेवलं.

अक्का : मग तो आमच्या शिवारातच राहून गेला म्हणायचा! विहिरीवरच्या, ठिबकवरच्या केळीला माझी फारशी पूजा नसते. कोरडवाहू कापसाला मात्र पेरणीपासून नारळ, अगरबत्ती, सगळं. पाऊस कुठं माझ्या हातात आहे?

बाई : म्हणजे देवाचा संबंध नाही, भीतीचा आहे.

अक्का : तू भीती असं म्हणतेस जसं काही ते वाईट मार्क आहेत. दहावीच्या पोरांना परीक्षेच्या दिवशी फाटकात दही-साखर कोण द्यायचं गं? विज्ञानाच्या बाईच ना?

बाई : द्यायचे. पोरांचे हात थरथरायचे म्हणून द्यायचे. पण दही खाल्लं नाही म्हणून मी कुणाला वर्गाबाहेर काढलं का? एवढाच फरक लक्षात ठेव, पुढे लागेल.

अक्का : लागू दे. आधी मला हे सांग, तुझ्या विज्ञानावर तरी आम्ही किती भरवसा ठेवायचा? २००२ला बीटी कापूस आला. बोंडअळीचं नाव काढू नका म्हणाले. २०१७ला गुलाबी बोंडअळीनं कैऱ्या आतून पोखरल्या. पोरानं उभ्या कापसात ट्रॅक्टर घातला. त्या वर्षी कुठल्या लिंबानं फसवलं होतं आम्हाला?

बाई : बियाण्याच्या पिशवीत आणखी एक छोटं पाकीट यायचं, आठवतं? साध्या, बिगरबीटी कापसाचं. ते बांधाच्या कडेनं पेरायचं होतं. अळीला साधं झाडही खायला मिळालं, तर बीटी पचवणाऱ्या अळ्यांचीच सगळी वीण होत नाही, असं त्यामागचं शास्त्र. तुमच्या घरी ते पाकीट पेरलं?

अक्का : कोण पेरणार? त्याला बोंडं कमी, फवारणी जास्त. जागा वाया. माळ्यावर पडली असतील अजून.

बाई : गावोगाव हेच झालं. शास्त्रानं सांगितलेली अट ठेवली माळ्यावर आणि पिशवी वापरली ताईत म्हणून. बीटी एकदा पेरलं की झालं, याला मी अंधश्रद्धाच म्हणते. फक्त तिच्यावर कंपनीचा शिक्का होता.

अक्का : हे बरंय. आमचा देव चुकला तर आमची चूक, तुमचं शास्त्र चुकलं तरी आमचीच.

बाई : सगळी तुमची कशी? ते पाकीट कशासाठी आहे हे शेतकऱ्याला नीट समजावून न देणाऱ्यांचीही आहे. पण शास्त्र चुकलं की कुठं चुकलं ते शोधता येतं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुझे मालक भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत कान देऊन ऐकतात. पाऊस साधारण, कापूस मध्यम, राजा कायम. चुकलं की पुढच्या आखाजीला कुणाला आठवतं? हवामान खातं एप्रिलमध्ये टक्क्यांत आकडा देतं. सप्टेंबरअखेर तोच आकडा समोर ठेवून तुम्ही त्याला शिव्या घालता. शिव्या घालता येतात हेच त्याचं मोठेपण.

अक्का : आखाजीला मी भाकितासाठी थांबत नाही बाई. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांची घागर भरतो, वर डांगर ठेवतो, सांजोऱ्या होतात. मुंबई-सुरतेला गेलेला दीर त्या दिवशी घागरीपुढे हात जोडायला येतो. कानबाईच्या सणाला तर सगळे भाऊबंद एका छताखाली. कोर्टात एकमेकांवर दावे लावलेले रोट खायला मांडीला मांडी लावून बसतात. तुझ्या शास्त्रानं कुठल्या भावकीला एका पंगतीत बसवलं?

बाई : नाही बसवलं. म्हणून तर मी कानबाईला येते, रात्रभर जागते. पण रोटाचं धान्य घेताना पुष्कळ घरांत पुरुषांची नावं घेऊन मुठी मोजतात. दळायला बाई, भाजायला बाई, मुठीत नाव नाही. हेही बघते.

अक्का : तू बघतेसच. पन्नास वर्षं बघतेयस.

बाई : आणि तू पन्नास वर्षं बोलवतेयस. म्हणून टिकलंय.

अक्का : मग आता मोठं काढते. पोराची पत्रिका जुळत नव्हती तेव्हा मी जळगावला एकाकडे गेले होते. तुला सांगितलं नाही, तू हसली असतीस.

बाई : हसले नसते, हिशेब सांगितला असता. जयंत नारळीकरांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं बरोबर होती. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या. कुठली कुणाची एवढंच ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासाच्या आसपास आलं असतं.

अक्का : असेल. पण मी काय ओळखून घ्यायला गेले होते का? तो माणूस पाऊण तास माझं ऐकत होता. सासूचं, जमिनीचं, पोराचं, सगळं. डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी फाडतो. पोरगा मोबाईलवर. मालक 'हं' म्हणतात. तू तेव्हा नाशिकला लेकीकडे. पाऊण तास कोण ऐकतं गं या वयात?

बाई : फोन करायचास.

अक्का : फोनवर तू शिकवायला लागतेस.

बाई : (थांबून) हे मात्र लागलं.

अक्का : लागू दे. आपल्या वर्गातल्या किती जणी गेल्या मोज. ज्या आहेत त्यातल्या निम्म्या पोरांकडे, पुण्या-सुरतेला, फ्लॅटमध्ये. साठीनंतर नवी मैत्रीण होत नाही, आहे तीच सांभाळायची. बोलायला माणूस नसलं की माणूस भगताकडे जातं, महाराजाकडे जातं, टीव्हीवरच्या रत्नांच्या जाहिरातीला फोन लावतं. तुझी समिती पोस्टर लावते. त्यापेक्षा घरोघर म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला माणसं पाठवली तर निम्मे भगत बसतील.

बाई : हे मी मान्य करते. पण भगताकडे गप्पांसाठी गेलं तर ठीक. साप चावल्यावर गेलं तर?

अक्का : आमच्या सालदाराला चावला होता. मंत्र टाकला, उतरला.

बाई : विषारी नव्हताच तो. शेतात चावतात त्यातले बरेच साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे मुख्य विषारी. त्यांनी चावलं तरी दर वेळी पुरेसं विष जातंच असं नाही. वाचलेल्यांची नावं भगताच्या खात्यात जमा होतात, मेलेल्यांची नशिबाच्या. ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष असतं, पण घोणस चावल्यावर मंत्रात घालवलेला तास परत मिळत नाही. म्हणून तर कायद्यानं हे पकडलं.

अक्का : तो जादूटोण्याचा कायदा? त्यानं म्हणे सत्यनारायणही बंद होणार होता.

बाई : असं उठवलं होतं. दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. वाचलास तर चकित होशील. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, घरची पूजा, वास्तुशास्त्राचा सल्ला, अगदी नंदीबैलवाल्याचं भविष्यसुद्धा त्यानं मोकळं सोडलंय. तुझ्या लिंबाला तो हात लावत नाही. पकडतो कुठं? भूत उतरवतो म्हणून मारलं, करणी केली म्हणून कुणाला बदनाम केलं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ दिलं नाही, तर. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा.

अक्का : म्हणजे कायदासुद्धा माझ्या बाजूनं आहे.

बाई : तुझ्या लिंबाच्या बाजूनं आहे. आपण स्वतःच्या भीतीसाठी स्वतःच्या खिशातून काय खर्च करतो, त्यात तो पडत नाही. दुसऱ्याच्या अंगावर खर्च टाकला की येतो. वर सातपुड्यात, नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवतात. पुष्कळदा ती एकटी असते, म्हातारी असते, नावावर जमिनीचा तुकडा असतो. कुणाचं पोर आजारी पडलं की बोट तिच्याकडे. गावाची भीती आणि भरायची तिनं.

अक्का : ते डोंगरात. आपल्या भडगावात असलं काही नाही.

बाई : नाही?

अक्का : नाही म्हणजे... तू कशाबद्दल बोलतेस?

बाई : तुझ्या सुनेच्या ओटीभरणाबद्दल.

अक्का : (बऱ्याच वेळानं) मला वाटलं होतं तू विसरलीस.

बाई : मी साडी नेसून आले होते, हिरवा खण घेऊन. तू म्हणालीस, 'बाई, तू जरा आत पंगतीकडे बघतेस का?' मी आत गेले. पोळ्या वाढल्या. बाहेर पाच जणींनी ओटी भरली. खण मी पिशवीतून परत आणला.

अक्का : माझं ऐकून घे. मला माझ्यासाठी काही वाटत नव्हतं. सुनेचं आधी एकदा पडलेलं होतं. विहीणबाई तिथं बसलेल्या. उद्या देव न करो पण काही झालं असतं, तर सगळ्यांनी तुझं नाव घेतलं असतं. 'हिनं ओटी भरली म्हणून.' मी तुला त्यातून वाचवलं.

बाई : मला वाचवायला मलाच बाहेर काढलंस. डाकीण ठरवणारा गावसुद्धा एका दिवसात ठरवत नाही अक्का. आधी सगळे म्हणतात, 'तिला बोलवू नका, उगाच नाव व्हायचं.' दहा जणांनी दहा वेळा म्हटलं की तिचं नाव होतंच.

अक्का : मी काय करायला हवं होतं? विहिणीशी भांडायचं?

बाई : माझं नाव घ्यायचं होतं. एवढंच. 'ही माझी मैत्रीण आहे, ओटी ही भरेल.' मग काही झालं असतं तर दोघींना ऐकून घ्यावं लागलं असतं. आता काही झालं नाही, बाळ छान आहे, तरी मला एकटीला ऐकावं लागलं. कुणी बोललं नाही एवढंच.

अक्का : शास्त्र सोडून बोल जरा. तुला खरंच एवढं लागलं?

बाई : आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९१०ला विधवा झाल्या. वय तीस. पदरात तीन लेकरं. अक्षरओळख नाही. त्या बाईनं ज्योतिषाला परतवून लावणारी कविता रचली. पुस्तक निघालं १९५२ला, त्या गेल्यावर. आपण शाळेत त्यांच्या कविता तोंडपाठ केल्या, स्पर्धेत बक्षिसं घेतली. आणि तिच्यासारख्याच बाईला ओटीच्या वेळी स्वयंपाकघरात पाठवतो.

अक्का : आता हे जुनं काढू नकोस. आपल्या हातून काय बदलणार? शेकडो वर्षांचं आहे.

बाई : चाळीसगावजवळ पाटणादेवीला तू नवस फेडायला जातेस. त्याच पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढला. ग्रहणाचं गणित मांडणारा आजोबा, आणि नातू यादव राजाच्या दरबारात ज्योतिषी. दोन्ही एका घरात होतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट तुला माहीत आहे? अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ला त्यांच्या 'लीलावती' या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्यात ही आख्यायिका आली. लेकीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवलं, तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, पाणी थांबलं, मुहूर्त टळला. गणित बापाचं, पात्र बापाचं, आणि जन्माची शिक्षा लेकीला. गोष्ट खरी नसेल, पण हिशेब बघ. तेव्हापासून तसाच चाललाय.

अक्का : आणि बदलायचं कुणी? सरकारनं?

बाई : कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं.

अक्का : ठरावानं बांगड्या वाचतील. ओटी कुणी भरायची, ते ग्रामसेवक येऊन ठरवणार आहे का?

बाई : नाही. ते तू ठरवणार आहेस.

अक्का : (हसून) शिकवायला लागलीस पुन्हा.

बाई : सवय आहे.

अक्का : बरं, ऐक. धाकट्या सुनेच्या बाळाचं बारसं पुढच्या महिन्यात आहे. पाळण्याची दोरी आधी तू धरायची. आमंत्रणपत्रिकेत तुझं नाव घालते, विहिणीला आधीच सांगते. कुणी काही म्हणालं तर मला म्हणेल. पण ट्रॅक्टरचं लिंबू मी काढणार नाही.

बाई : काढू नकोस. शनिवारी मीच आणून देईन. पण सालदाराला साप चावला तर?

अक्का : तर आधी दवाखाना. मंत्र वाटेत गाडीत.

या वादात कुणी जिंकलं असं म्हणता येणार नाही, आणि ते बरंच झालं. अक्काचं एक म्हणणं विज्ञानवाद्यांनी मनावर घ्यायला हवं. उतारवयात लोक भगताकडे बुद्धी कमी झाली म्हणून जात नाहीत, ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून जातात. मैत्रीण पाऊण तास ऐकायला तयार असेल, तर तिनं नंतर सांगितलेले ४६ टक्केही ऐकले जातील. नुसते आकडे घेऊन आलेल्याला कुणी चहाही विचारत नाही.

बाईंचं म्हणणं श्रद्धाळूंनी मनावर घ्यायला हवं. प्रत्येक समजुतीचा एक खर्च असतो. तो ज्याची भीती त्यानंच भरला, तर ती समजूत ज्याची त्याची. शनिवारचं लिंबू, पितरांची घागर, नव्या घराला काळी बाहुली यावरून मैत्री मोडण्याचं कारण नाही. खर्च दुसऱ्याच्या नावावर पडला, म्हणजे साप चावलेल्या सालदाराच्या, मागे बसवलेल्या विधवेच्या, मूल न झालेल्या जावेच्या, तर तिथं गप्प राहणारी मैत्रीणही त्या खर्चात भागीदार होते.

कायदा मारहाण थांबवतो, ठराव बांगड्या वाचवतो. ओटी कुणी भरायची हे घरातली थोरली बाईच ठरवते, आणि ती थोरली बाई आता आपणच आहोत. तुमच्या घरी पुढचं ओटीभरण, बारसं किंवा हळदीकुंकू असेल, तेव्हा ज्या मैत्रिणीला तुम्ही आजवर पंगत वाढायला आत पाठवत आलात, तिचं नाव यादीत सर्वांत वर लिहा आणि आमंत्रण द्यायला स्वतः जा.